‘कोलंबसपूर्व’ आणि ‘स्पेनपूर्व’ यांत फरक आहे

अमेरिका खंडातल्या माया, अझ्टेक, इंका या जुन्या संस्कृतींवरच्या मराठी लेखांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात. ‘कोलंबसपूर्व’ सगळ्यांना ठाऊक आहे: १४९२ च्या आधीची अमेरिका. त्यावर जास्त बोलायला नको. फक्त ‘कोलंबियापूर्व’ लिहू नका, कोलंबिया हा देश आहे.

घोळ होतो तो ‘स्पेनपूर्व’मध्ये, कारण या शब्दाला एकच एक साल नाही. जिथे स्पेनची सत्ता जेव्हा आली, तिथे तो काळ तेव्हा संपला. ‘ब्रिटिशपूर्व पुणे’ म्हटलं की आपण १८१८ पर्यंत येतो, मुंबईत मात्र इंग्रज सतराव्या शतकातच ठाण मांडून बसले होते, तसंच हे. मेक्सिकोत अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान १५२१ मध्ये पडली. पेरूत स्पॅनिश सेनानी पिझारोने इंका सम्राट अताहुआल्पाला १५३२ मध्ये कैद केलं. ग्वाटेमालातलं इत्झा मायांचं नोहपेतेन हे शहर तर १६९७ पर्यंत टिकलं, म्हणजे शिवराज्याभिषेकानंतरही तेवीस वर्षं!

मेक्सिको सिटीच्या मानववंशशास्त्र संग्रहालयातली प्रसिद्ध सूर्यशिला, म्हणजे अझ्टेकांची कोरीव शिळाच घ्या. तिच्यावर अझ्टेक सम्राट दुसऱ्या मोक्तेसुमाचं नावचिन्ह कोरलेलं आहे आणि तो गादीवर आला १५०२ मध्ये. तोवर कोलंबस येऊन दहा वर्षं झाली होती. काटेकोरपणे पाहिलं तर ही शिळा कोलंबसपूर्व ठरत नाही, स्पेनपूर्व मात्र नक्की ठरते. अनेक अभ्यासक ‘कोलंबसपूर्व’ सैलपणे ताणून तिला त्यात बसवतात. मला ते पटत नाही. नेमका शब्द हाताशी आहे, मेक्सिकोतले लोकही ‘प्रेइस्पानिको’ (स्पेनपूर्व) म्हणतात, मग आपण का म्हणू नये?

ब्राझीलच्या माराजो बेटावरची जुनी भांडी मात्र कोलंबसपूर्वच म्हणावीत. तिथे राज्य आलं पोर्तुगिजांचं.

फिलिपिन्सला ‘कोलंबसपूर्व’ लावणं तर साफ चूक. कोलंबस तिकडे कधी फिरकलाच नाही. स्पेनची वसाहत सुरू झाली ती १५६५ मध्ये, स्पॅनिश सेनानी लेगास्पी तिथल्या सेबू बेटावर उतरल्यावर. त्याआधीच्या काळातला, फिलिपिन्समध्येच सापडलेला लगुना ताम्रपट मराठी वाचकाने जरूर पाहावा. त्याची सुरुवात ‘स्वस्ति’ने होते आणि पुढे मिती येते: शके ८२२, वैशाख, कृष्ण चतुर्थी, सोमवार. मजकूर आहे सोन्याचं कर्ज माफ केल्याचा. वार-तिथीसकट कर्जमाफी लिहून ठेवणाऱ्या या समाजाला ‘प्रागैतिहासिक’ म्हटलेलं वाचलं की माझा संताप होतो.