लेझरचा रवाळपणा आणि रक्ताची चाल

लेझर पॉइंटरचा लाल ठिपका भिंतीवर पाडा आणि भिंतीकडेच बघा. पॉइंटरच्या तोंडात चुकूनही डोकावू नका. ठिपका सलग लाल नसतो. त्यात बारीक रवा पसरल्यासारखे उजळ आणि काळे कण दिसतात, मान हलवली की तेही सरकतात. लांबचं अंधुक दिसणाऱ्यांनी चष्मा काढून पाहिलं तर कण मानेच्या उलट दिशेला पळतात, ही एक गंमतच.

हे कण भिंतीवर नसतात. लेझरच्या लहरी एकाच लांबीच्या आणि एकमेकींशी ताल धरून चालणाऱ्या. खडबडीत भिंतीवरून परतताना कुणी किंचित जास्त अंतर कापते, कुणी कमी. डोळ्यात शिखरावर शिखर पडलं की उजेड, शिखरावर दरी पडली की अंधार. या रवाळ नक्षीला ‘स्पेकल’ म्हणतात.

आता तोच ठिपका बोटाच्या टोकावर घ्या. रवा बराच पुसट होतो. प्रकाश त्वचेत थोडा आत शिरतो, आणि तिथल्या केशवाहिन्यांतून तांबड्या पेशी एकामागोमाग एक सरकत असतात. पेशी हलल्या की लहरींची अंतरं बदलतात आणि नक्षी नव्याने मांडली जाते. डोळा यातलं काही टिपू शकत नाही, त्याला फक्त सरमिसळ दिसते.

ही सरमिसळच मोजायची, ही कल्पना अडॉल्फ फर्शर आणि डेव्हिड ब्रायर्स यांनी १९८१ मध्ये मांडली, तेव्हा फोटोच्या फिल्मवर. आता साधा डिजिटल कॅमेरा पुरतो. शटर पाच-दहा मिलिसेकंद उघडं ठेवायचं. तेवढ्यात जिथे रक्त वाहिलं तिथला रवा फोटोत फासला जातो. जिथे हालचाल नाही तिथे तो ठसठशीत राहतो. मग संगणक फोटोतले ७ × ७ पिक्सेलचे चौकोन एकेक करून तपासतो: उजेडातला चढउतार सरासरी उजेडाच्या किती पट आहे? गुणोत्तर जितकं लहान, तितकं रक्त चपळ.

याआधीची पद्धत डॉप्लरची, म्हणजे हलत्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरींची बदललेली वारंवारता हेरण्याची. एका सेकंदाला एक मिलिमीटर सरकणारी पेशी परतणाऱ्या प्रकाशाची वारंवारता फार तर काही हजार हर्ट्झने बदलते, आणि मूळ वारंवारता सुमारे ४०० लाख कोटी हर्ट्झ! तरीही हा फरक पकडता येतो, मात्र जुन्या यंत्रांना त्यासाठी एकेक बिंदू तपासत जावं लागे. स्पेकल पद्धतीत सगळा भाग एकाच फोटोत येतो, म्हणून प्रवाह बदलताना पाहता येतो. भाजलेली जखम किती खोल आहे, मेंदूच्या शस्त्रक्रियेत एखादी वाहिनी अजून वाहते आहे का, हे जोखायला तिचा उपयोग होतो.

पण चपळ रक्त लाल आणि मंद रक्त निळं दाखवणाऱ्या पडद्यावरच्या नकाशाला भुलू नये, असं मला वाटतं. त्यामागचा आकडा मिलिमीटर-सेकंदातला वेग नव्हे. त्वचेचा वरचा जेमतेम मिलिमीटरभर थरच दिसतो, न हलणाऱ्या ऊतींवरून आलेला प्रकाश त्यात मिसळलेला असतो, आणि रुग्णाचा हात थरथरला तर तेही ‘रक्त’ म्हणून मोजलं जातं. त्याच जागेची आधीची आणि नंतरची तुलना मात्र भरवशाची.

ती तुलना बघायची तर दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून करतात ती चाचणी पाहावी. पट्टा फुगवला की पडद्यावरचा तळहात बोटांपर्यंत निळा पडतो. काही मिनिटांनी हवा सोडली की पहिल्यापेक्षाही भडक लाली तळहातभर पसरते आणि हळूहळू ओसरते. उपाशी राहिलेल्या ऊती थकबाकी वसूल करून घेतात. पट्टा आवळलेला असताना प्रवाह पूर्ण थांबलेला असतो, तरी यंत्र शून्य दाखवत नाही. अडकून पडलेल्या पेशी जागच्या जागी डुलत असतात, आणि कॅमेऱ्याला तेवढंही कळतं.