वाळ्याचं तेल नेताय? कूलरच्या टाकीत ओतण्याआधी हे वाचा

होळी झाली की आमच्या इतवारीतल्या दुकानात एकच मागणी सुरू होते. "भाऊ, खसचं तेल द्या, कूलरमध्ये टाकायचं आहे." खस म्हणजेच आपला वाळा. बाटली देण्याआधी आम्ही गिऱ्हाइकाला दोन मिनिटं थांबवतो आणि काहींना त्याचा राग येतो. गर्दीच्या वेळी सगळं समजावून सांगणं होत नाही, म्हणून हा कागद छापला आहे. बाटलीसोबत घरी न्या. कूलर बसवायला येणाऱ्या मिस्त्रीलाही वाचायला द्या, कारण "टाका ना चार थेंब, काही होत नाही" हा सल्ला बहुतेक वेळा त्याच्याकडूनच आलेला असतो.

वाळ्याचं तेल कूलरच्या पाण्यात टाकायचं नाही. चार थेंबही नाही.

टाकीत नेमकं काय होतं

तेल पाण्यात विरघळत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. लोकांचा हिशोब असा असतो की ते वर तरंगेल, पाण्याबरोबर ताटीवर, म्हणजे कूलरच्या बाजूच्या गवती पॅडवर, जाईल आणि घरभर वास पसरेल. संत्र्याच्या सालीचं तेल खरोखरच तरंगतं. वाळ्याचं तसं नाही. त्याची घनता जवळपास पाण्याइतकीच असते, एखाद्या मालाची किंचित कमी तर एखाद्याची किंचित जास्त. शिवाय ते मधासारखं घट्ट असतं. त्यामुळे टाकीत थोडा तवंग वर येतो, थोड्या गोळ्या मधे लोंबकळत राहतात आणि उरलेलं तळाला चिकटतं. पंप हे सगळं ओढायला लागतो.

पंपाच्या जाळीवर तेलाचा थर बसला की त्यावर ताटीचा भुसा, रस्त्यावरची धूळ आणि बोअरच्या पाण्यातला क्षार चिकटत जातो. पंप उघडला तर जाळीवर तपकिरी, बोटाला ओढ देणारा लगदा दिसतो. साध्या पाण्याने तो निघत नाही, साबण आणि जुना टूथब्रश घेऊन बसावं लागतं. पुढे वरच्या नळीची भोकं बुजतात. ज्या भोकांतून पाणी पडत नाही त्याखालचा ताटीचा पट्टा कोरडा राहतो आणि त्या पट्ट्यातून बाहेरची गरम हवा सरळ खोलीत येते. मग "कूलर थंड करत नाही" म्हणून मोटर बदलली जाते, कधी पंखा. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कागदी, हनीकोंबचे पॅड असतील तर आणखी वाईट, कारण कागदावर तेल बसलं की तो भाग पाणी धरतच नाही. आणि हे सगळं उघडकीला येतं ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, पारा ४५ च्या पुढे असताना, जेव्हा मिस्त्री "उद्या येतो" म्हणतो आणि चार दिवस फिरकत नाही.

एवढं करून वास येतो का? फारसा नाही. वाळ्याच्या तेलातले सुगंधी घटक जड असतात, हवेत सावकाश उडतात, आणि थंड पाण्यात बुडालेलं तेल तर आणखीच सावकाश. थोडाफार जो येतो त्याला आपलं नाक काही मिनिटांत सरावतं. मग "वास गेला" म्हणून पुन्हा ओततात. बाहेरून आलेल्या पाहुण्याला विचारा, त्याला दारातच वास लागलेला असतो.

मग कूलरला वाळा लावायचा कसा

मुळं वापरा. पूर्वी दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यावर पाणी शिंपडत, ती पद्धत आजही सगळ्यात चांगली आहे. तेल मुळांच्या आत असतं, ओल्या मुळांमधून हवा जाते आणि थोडा थोडा वास सोबत घेऊन येते. पंपाला त्रास नाही. नव्या मुळांमुळे पहिले दोन-तीन दिवस टाकीचं पाणी चहासारखं होतं, ते बदलून टाका.

बाजारात वुडवूललाही "खस" म्हणूनच विकतात. ओळखणं सोपं आहे. वुडवूल म्हणजे लाकडाच्या फिक्या, चपट्या पट्ट्या. वाळा बारीक, गोल, तपकिरी, तारेसारखा कडक असतो आणि त्याला केसांसारखी उपमुळं फुटलेली असतात. हातात चुरगळून ओलं केलं की कळतं. पूर्ण ताटी वाळ्याची भरणं महाग पडतं. त्यापेक्षा वुडवूलच्या दोन थरांमध्ये वाळ्याचा एक पातळ थर द्या. आठवड्यातून एकदा ताटी उन्हात वाळवा, नाहीतर बुरशीचा कुबट वास येईल आणि दोष वाळ्याच्या माथी बसेल. एका मोसमानंतर वास ओसरतो. त्या जुन्या ताटीवर तेल शिंपडून ती पुन्हा सुगंधी होत नाही, हेही कोणीतरी करून बघतंच.

तेलच वापरायचं असेल तर सुती कापडाची बोटभर पट्टी घ्या, टोकाला तीन थेंब टाका आणि कूलरच्या समोरच्या जाळीला बाहेरून बांधा. तेल लागलेलं टोक हवेत लोंबू द्या, प्लास्टिकला टेकू देऊ नका. पाती आणि मोटरपासून लांब ठेवा. एक पट्टी आठवडाभर सहज चालते, आणि ५ मिलीची बाटली अख्खा उन्हाळा पुरते. मोठी बाटली मागणाऱ्याला आम्ही लहान देतो ती याचसाठी.

"कूलर परफ्यूम" म्हणून पाण्यात मिसळणारं दुधाळ द्रावण मिळतं, ती वेगळी वस्तू आहे. त्यात सुगंध पाण्यात मिसळावा म्हणून साबणासारखा घटक घातलेला असतो. ते वापरायचं तर वापरा, फक्त आमच्या तेलाचा वास त्यात शोधू नका.

हे तेल येतं कुठून

वाळा हे गवत आहे, आपल्या ज्वारीच्या आणि गवती चहाच्या कुळातलं. पानांना वास नसतो, तेल फक्त मुळांत. मुळं सरळ खाली जातात, भुसभुशीत जमिनीत तीन मीटरच्याही पुढे. म्हणूनच जमिनीची धूप थांबवायला बांधावर वाळा लावतात. तेलासाठी लावलेलं पीक साधारण दीड वर्षाने खणतात. खणणं, झटकणं, धुणं, वाळवणं या सगळ्या मजुरीनंतर शंभर किलो सुक्या मुळांतून किलोभर तेल निघालं तरी चांगलं म्हणायचं. मुळं भट्टीवर दिवसभर, कधी त्याहूनही जास्त वेळ ठेवावी लागतात, कारण जड घटक शेवटी शेवटी येतात आणि वासाचा खरा दम त्यांच्यातच असतो. घाईने उतरवलेलं तेल स्वस्त मिळतं, पण त्याचा वास कच्चा, हिरव्या शेंगेसारखा राहतो. किमतीवर घासाघीस करणाऱ्यांनी हा परिच्छेद कृपया दोनदा वाचावा.

जगाच्या बाजारात सगळ्यात जास्त तेल हैतीतून येतं, त्याखालोखाल जावा बेटाचं नाव घेतात. जावाच्या तेलाला बऱ्याचदा धुराची झाक असते. हैतीचं जास्त स्वच्छ, कोरड्या लाकडासारखं. आपल्याकडे उत्तरेत राजस्थानातल्या भरतपूरच्या बाजूला आणि उत्तर प्रदेशात जंगली वाळा उगवतो. कन्नौजचे कारागीर तो तांब्याच्या डेगेत पाण्यासोबत उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती थंड करून गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते. भपका रिकामा ठेवला तर निव्वळ तेल मिळतं, ती "रूह". भपक्यात आधीपासून चंदनाचं किंवा दुसरं तेल ठेवलं तर ते "अत्तर". दोन्हींच्या भावात मोठा फरक असतो आणि तो रास्त आहे. आमच्याकडे दोन्ही मिळतात, बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असतं.

शेतकरी मंडळी विचारतात, आपल्याकडे लावावा का? वाळा काळ्या मातीत जगतो, पण त्या चिकट जमिनीतून मुळं सोडवताना जीव मेटाकुटीला येतो. रेताड, नदीकाठची जमीन असेल तरच विचार करा. लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या सरकारी संशोधन संस्थेने तेलासाठी खास वाण काढले आहेत. रोपं घेताना वाणाचं नाव विचारून घ्या.

रंग, वास आणि "भेसळ आहे का हो?"

सरबताची बाटली हिरवीगार असते म्हणून तेलही हिरवं असावं अशी अपेक्षा असते. सरबतातला तो रंग वरून घातलेला आहे. तेल मधाच्या रंगापासून गडद तपकिरीपर्यंत असतं. तांब्याच्या डेगेतल्या रूहला हिरवट झाक येते, ती तांब्यामुळे.

वास बाटलीला नाक लावून घेऊ नका. तसा घेतला तर सगळ्यांनाच माती आणि ओल्या पोत्याचा भास होतो. कागदाच्या पट्टीवर जरासं लावा आणि दहा मिनिटं बाजूला ठेवा. आधी ओली माती, मग कोरडं लाकूड, आणि दुसऱ्या दिवशी एक गोडसर, शांत वास. आमच्या काउंटरवर कालच्या पट्ट्या मुद्दाम ठेवलेल्या असतात, त्या मागून घ्या.

कागदावर डाग राहिला तर तेल भेसळीचं, अशी एक परीक्षा मोबाइलवर फिरते. संत्र्याच्या किंवा निलगिरीच्या तेलाला ती ठीक आहे. वाळ्याचं शुद्ध तेलही कागदावर पिवळट डाग ठेवतंच. खरी भेसळ होते ती नागरमोथ्याच्या तेलाची, कारण त्याचा वास जवळचा आणि किंमत कमी. ती घरी ओळखणं कठीण आहे, त्यासाठी प्रयोगशाळेचा जीसी रिपोर्ट, म्हणजे तेलातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा अहवाल, लागतो. आमच्या प्रत्येक खेपेचा रिपोर्ट दुकानात आहे, मागितला तर दाखवतो.

हिवाळ्यात तेल ड्रॉपरमधून पडत नाही, ही तक्रार डिसेंबरात हमखास येते. तेल खराब झालेलं नाही. बाटली कोमट पाण्यात पाच मिनिटं उभी ठेवा. गॅसवर धरू नका.

अंगावर, कपड्यांवर, पोटात

अंगाला लावायचं तर ३० मिली तीळ किंवा खोबरेल तेलात सहा थेंब पुरे. नुसतं तेल त्वचेवर लावू नका. पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघा. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. पांढऱ्या कुर्त्यावर थेट लावलं तर डाग जाणार नाही. कापसाचा बोळा खिशात ठेवा. पाण्यावर चालणाऱ्या डिफ्यूझरमध्ये नुसतं टाकलं तर तोही कूलरच्याच वाटेने जातो, म्हणून लिंबू किंवा संत्र्याच्या तेलात पातळ करून एक-दोनच थेंब टाका आणि वापर झाला की स्पिरिटच्या बोळ्याने पुसा.

हे तेल सरबतात किंवा माठात घालायचं नाही. माठासाठी स्वच्छ धुतलेल्या मुळांची जुडी मिळते. दोन-तीन दिवसांनी ती काढून वाळवा आणि पुन्हा वापरा.

दुकानाचे नियम

सील उघडलेली बाटली परत घेत नाही. अर्धी वापरलेली बाटली पुढच्या गिऱ्हाइकाला देणं आम्हाला पटत नाही, म्हणून घेण्याआधी पट्टीवर हवा तितका वेळ वास घ्या, घाई करणार नाही. टाकीत तेल ओतून पंप बंद पडला तर त्याची भरपाई मागू नका. हा कागद प्रत्येक बाटलीसोबत देतो. तेल मात्र नीट ठेवलं तर वर्षानुवर्षं टिकतं आणि वास सुधारत जातो. गडद बाटली, घट्ट झाकण, उन्हापासून दूर. संत्र्याच्या तेलाचं असं नाही, ते वर्षभरात संपवा.

ताटीची मुळं हवी असतील तर एप्रिलच्या आत या, मे महिन्यात चांगला माल उरत नाही. येताना ताटीची लांबी-रुंदी आणि किती बाजूंना ताट्या आहेत ते लिहून आणा, म्हणजे वजन बरोबर काढता येईल. रिकामी बाटली आणली तर तेल त्यातच भरून देऊ, फक्त ती आतून पूर्ण कोरडी असावी.