मोडलेला जबडा तोच, मेडिकेअरचा रेट वेगळा

अमेरिकेत मेडिकेअरवरच्या, म्हणजे मुख्यतः 65 वर्षांवरच्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यावरच्या, एखाद्या आजोबांचा जबडा मोडला तर त्याच ऑपरेशनचे सर्जनला न्यूयॉर्कच्या महागड्या मॅनहॅटनमध्ये जास्त पैसे मिळतात आणि आयोवासारख्या स्वस्त राज्यात कमी, हे कसं काय ते कळायला थोडं मागे जायला लागतं.

30 जुलै 1965 ला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सननी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि त्यातच दातांचे उपचार बाहेर ठेवले, दातही आणि दाताला थेट आधार देणारा भागही. म्हणजे चेहऱ्याचं हाड मोडलं तर कव्हर, ते बसवताना दात तारेने बांधले तर तेही कव्हर, पण नुसता दात काढला तर नाही. जबड्याच्या कॅन्सरला रेडिएशन द्यायच्या आधी दात काढले तर पैसे मिळायचे, नंतर कवळी लागली की ती स्वतःच्या खिशातून, मला हे फार निर्दय वाटतं कारण दातच नसतील तर तो माणूस खाणार काय?

आता रेटचं. सुरुवातीला त्या त्या भागात डॉक्टर जी फी लावायचे त्यावरनंच पैसे ठरायचे, साहजिकच महागड्या शहरांना जास्त. मग हार्वर्डच्या विल्यम शाओंच्या टीमने उपचारांना पॉइंट देण्याची पद्धत काढली, 1989 ला तसा कायदा झाला आणि 1992 पासून ती सुरू झाली. डॉक्टरचं काम, दवाखान्याचा खर्च आणि पेशंटने केस केली तर लागणारा इन्शुरन्स असे तीन भाग, प्रत्येकाला एरियाप्रमाणे वेगळा गुणक आणि शेवटी सगळ्या बेरजेला डॉलरच्या एका आकड्याने गुणायचं. पण मेहनत तर सगळीकडे सारखीच ना, म्हणून 2004 पासून कामाचा गुणक 1.0 च्या (म्हणजे देशाच्या सरासरीच्या) खाली जाऊ द्यायचा नाही असं ठरलं, ते तात्पुरतं होतं पण मुदत वाढवत वाढवत चाललं, अलास्काला तर 2009 पासून 1.5 दिला. भाडं आणि स्टाफच्या पगाराचा गुणक मात्र एरियाप्रमाणेच राहिला, त्यामुळे फरक काही गेला नाही.

आणि तो डॉलरचा आकडा 1992 ला साधारण 31 होता, 2025 ला 32.35, मधल्या काळात महागाई दुपटीच्या वर गेली! तो महागाईशी जोडलेलाच नाही, वर एका उपचाराचे पॉइंट बरेच वाढवले की एकूण खर्च वाढू नये म्हणून सगळ्यांसाठीचा हा डॉलरचा आकडाच खाली आणतात, म्हणजे ऑफिसमधल्या साध्या तपासणीचा रेट वाढवला तरी जबड्याच्या सर्जनचा कमी होतो.

दातांना बाहेर ठेवणारी भिंत आत्ता कुठे जरा हललीय, 2023 पासून अवयव प्रत्यारोपण आणि हार्टच्या व्हॉल्व्हच्या ऑपरेशनच्या आधीचे दातांचे उपचार मेडिकेअरमध्ये धरायला लागले, 2024 पासून डोक्यामानेच्या कॅन्सरच्या उपचारांशी जोडलेलेही.