विजांचा नकाशा आणि हॅमची ‘कंडिशन’

‘आज कंडिशन नाही’ असं मराठवाड्यातला हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दात दोन वेगळ्या तक्रारी असतात. विजा कुठे पडताहेत ते दाखवणारा नकाशा पाहून बँड, म्हणजे संपर्कासाठीचा लहरींचा पट्टा, चालेल की नाही याचा अंदाज बांधण्याबद्दल जे वाद होतात, ते बहुतेक इथूनच सुरू होतात.

पहिली तक्रार अशी की आयनांबर, म्हणजे सूर्यामुळे तयार होणारा वातावरणाचा उंचावरचा थर, लहरी परतवत नाही, म्हणजे बँड बंद आहे. हा मामला सूर्याचा. दुसरी अशी की बँड उघडा आहे, पण खरखरीत समोरचा ऐकू येत नाही. हा मामला बऱ्याचदा विजांचा. तारायंत्राच्या काळातल्या लोकांनी ही गल्लत होऊ दिली नव्हती. १९१२ च्या लंडन करारातल्या संकेतांमध्ये वातावरणातल्या खरखरीला ‘क्यूआरएन’ आणि इतरांच्या अडथळ्याला ‘क्यूआरएम’ अशी वेगळी अक्षरं होती. त्याआधी, १८९५ मध्ये, रशियात दूरच्या विजांची नोंद करणारा रेडिओ संच तयार झाला होता. म्हणजे वीज टिपणं हे रेडिओचं अगदी सुरुवातीचं काम.

आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं हे काम कानानेच झालं. मध्यम लहरींवर परभणी केंद्र लावलं आणि गाण्यात कडकड वाढली, की वळीव जवळ आला असं घरातले म्हणत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर हॅम संच घेऊन किल्लारी भागात आले, तेव्हाही आजच्यासारखा नकाशा हाताशी नव्हता.

या शतकाच्या पहिल्या दशकात युरोपातल्या हौशी मंडळींनी घरोघरी विजांची लहर टिपणारे संच बसवून जाळं विणायला सुरुवात केली. विजेची लहर प्रत्येक ठिकाणी किती मायक्रोसेकंद उशिरा पोचली, यावरून वीज कुठे पडली ते काढून नकाशावर ठिपका ठेवायचा, ही त्यामागची रीत. लहर एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जाते, त्यामुळे घड्याळ जीपीएसवरच लावावं लागतं. पुढे आपल्याकडे विजांचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप आलं. ते प्रामुख्याने जीव वाचवण्यासाठी आहे, आणि शेतकऱ्यांनी ते वापरायलाच हवं.

नकाशावरचे ठिपके वाचताना मात्र चूक होते. विजेच्या रेडिओ लहरींचा जोर दहा किलोहर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतो आणि वारंवारता वाढते तसा उतरत जातो. म्हणून ऐंशी आणि चाळीस मीटर या लांब लहरींच्या, कमी वारंवारतेच्या बँडना त्रास जास्त, दोन मीटरला अगदी जवळची वीज असेल तरच. शिवाय दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा डी-थर या खालच्या बँडवरच्या लहरी गिळतो, सूर्यास्तानंतर तो विरतो. मग मे महिन्यात लातूरवर चांदणं असतं, आणि बंगाल-झारखंडकडच्या विजा चाळीस मीटरवर कडाडत असतात. हे ऐकून ‘कंडिशन नाही’ म्हणणं उलटं आहे. तो आवाज आयनांबरावरूनच आलेला असतो, म्हणजे त्या दिशेची वाट उघडी आहे. अडचण खरखरीची आहे, प्रसारणाची नाही. माझं मत स्पष्ट आहे: बँड उघडा की बंद हे नकाशाला विचारू नये, खरखर कुठून येते आहे ते विचारावं. दिशा कळली की अँटेना वळवता येते, वरच्या बँडवर जाता येतं किंवा बोलण्याऐवजी मोर्स संकेतांवर उतरता येतं.

ठिपके आपल्याच तालुक्यात दिसू लागले, तर कसलाही अंदाज बांधत बसू नये. गडगडाट ऐकू येण्याची वाट न पाहता कोॲक्स, म्हणजे अँटेनाची केबल, संचापासून सोडवून घराबाहेर ठेवावी.