चमचाभर साखर जाते कुठे?

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी त्यात दर १०० मिलिलिटरमागे ९० मिलिग्रॅम ग्लुकोज धरलं, तर सगळ्या रक्तात मिळून साखर भरते जेमतेम साडेचार ग्रॅम. एक छोटा चमचा. मधुमेहात हा आकडा दुप्पट होऊन १८० वर गेला, तरी हिशेब दोन चमच्यांचाच. उलट एका जेवणातल्या पिष्टमय पदार्थांतून साठ-सत्तर ग्रॅम ग्लुकोज सहज तयार होतं. म्हणजे रक्त हे साखरेचं कोठार नव्हे, नुसती वाट आहे. 'काय खाऊ नको' हे मधुमेह्याला सगळेच सांगतात. खाल्लेलं पुढे जातं कुठे, हे फारसं कुणी विचारत नाही.

ते मुख्यतः यकृतात आणि स्नायूंत जातं. यकृतात साधारण १०० ग्रॅम साठा मावतो, स्नायूंत त्याच्या चौपटीच्या आसपास. स्नायूंची गंमत अशी, की ग्लुकोज आत घेणारी बहुतेक दारं पेशीच्या भिंतीत कायमची बसवलेली नसतात. 'ग्लूट-४' नावाची ही प्रथिनं पेशीच्या आत इवल्या पिशव्यांत पडून असतात. इन्सुलिनचा निरोप आला की पिशव्या सरकत कडेला येतात आणि दारं भिंतीत बसतात. टाईप २ मधुमेहात निरोप निघतो, सुरुवातीला तर नेहमीपेक्षा मोठ्यानं निघतो, पण पेशीच्या आत तो नीट पोचत नाही. दारं आतच राहतात, साखर वाटेवर खोळंबते.

पण तोच स्नायू आकुंचन पावला, की दारं इन्सुलिनची वाट न पाहता वेगळ्याच मार्गानं वर येतात. हा दुसरा मार्ग टाईप २ मध्येही बराचसा शाबूत असतो. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, या सल्ल्यामागे हे कारण आहे. एवढ्याशा चालण्यानं चरबी ती काय जळणार, असं म्हणून लोक तो सोडून देतात. पण इथं चरबीचा प्रश्नच नसतो, साखर रक्तात शिरत असताना मांडीचे स्नायू दारं उघडून बसलेले असावेत, एवढंच हवं असतं. व्यायाम थांबल्यावरही एक-दोन दिवस स्नायू इन्सुलिनला जास्त दाद देतात. म्हणून सलग दोन दिवसांहून जास्त खाडा नको. आठवडाभर बसून सुट्टीच्या दिवशी दोन तास घाम गाळणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आता यकृत. 'रात्री जेवल्यावर पाण्याशिवाय काही घेतलं नाही, मग सकाळी साखर जास्त कशी?' ही तक्रार खोटी नसते. रात्रभर यकृत स्वतःच ग्लुकोज बनवून रक्तात सोडतं. त्याला आवर घालणं हे इन्सुलिनचं काम, आणि चरबी साठलेलं यकृत ते ऐकत नाही. ही चरबी उतरवली तर काय होतं, हे ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' या चाचणीत २०१७ साली दिसलं. मधुमेह होऊन सहा वर्षं उलटली नव्हती आणि जे इन्सुलिनवर नव्हते, अशा २९८ जणांपैकी निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींचा आहार दिला. वर्षाअखेर या गटातल्या ४६ टक्के लोकांची 'एचबीए१सी' (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) औषधांविना साडेसहा टक्क्यांच्या, म्हणजे मधुमेहाच्या रेषेच्या, खाली होती. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ४ टक्के. ज्यांचं वजन १५ किलो किंवा अधिक उतरलं, त्यांच्यात ८६ टक्के! दुसऱ्या वर्षी मात्र ४६ चे ३६ झाले. वजन परतलं की साखरही परतते, म्हणून डॉक्टर 'बरा झाला' न म्हणता 'रेमिशन', म्हणजे आजाराची माघार, म्हणतात. मधुमेह मुळासकट उपटण्याच्या जाहिराती करणाऱ्यांना हा शब्द अर्थातच आवडत नाही.

ताटाबद्दल थोडक्यात. अख्खं फळ आणि त्याचा गाळलेला रस यांत साखर तीच असली, तरी चोथ्याअभावी रसातली साखर भर्रकन रक्तात शिरते. भाज्या आणि प्रथिनं आधी, पिष्टमय पदार्थ शेवटी, असा नुसता क्रम बदलला तरी जेवणानंतरची उसळी कमी होते. आणि साखरेऐवजी मध म्हणजे तेच ग्लुकोज-फ्रुक्टोज, वेगळ्या बाटलीत.

हे सगळं उत्साहानं सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलणं भाग आहे, विशेषतः इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातल्या (शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणाऱ्या) गोळ्या चालू असतील तर. खाणं घटलं, चालणं वाढलं आणि डोस तोच राहिला, तर साखर ७० च्या खाली घसरू शकते. हात थरथरतात, दरदरून घाम येतो, डोकं चालेनासं होतं. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर लगेच १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन-चार छोटे चमचे, पाण्यात विरघळवून प्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं.