गुडघे किती टेकायचे?

सप्टेंबर 1793 मध्ये ब्रिटनचा राजदूत लॉर्ड मॅकार्टनी चीनच्या चिएनलुंग सम्राटाला भेटायला जेहोलच्या राजवाड्यात पोहोचला. यायचं कारण व्यापार, पण वाद अडला गुडघ्यांवर. दरबारी रिवाजाप्रमाणे तीनदा गुडघे टेकायचे आणि दर वेळी तीनदा, म्हणजे एकूण नऊ वेळा, कपाळ जमिनीला लावायचं. मॅकार्टनीने अट घातली: माझ्या बरोबरीच्या चिनी अधिकाऱ्याने आमच्या राजाच्या तसबिरीपुढे हेच करावं, मग मीही करतो. त्याने स्वतः लिहून ठेवलंय त्याप्रमाणे शेवटी अशी तोड निघाली की त्याने आपल्या राजापुढे टेकतो तसा एकच गुडघा टेकावा, मात्र सम्राटाच्या हाताचं चुंबन घेऊ नये. हा शेवटचा तपशील मला फार मोलाचा वाटतो. ब्रिटिश दरबारी जी निष्ठेची खूण होती, तीच इथे नको म्हणून सांगितली गेली. कपाळ टेकणं एकाला नामुष्कीचं वाटत होतं आणि हातावर ओठ टेकणं दुसऱ्याला रीतीबाहेरचं. पुढे 1816 मध्ये लॉर्ड अ‍ॅम्हर्स्टलाही असाच पेच पडला आणि तो सम्राटाचं दर्शन न घेताच परत फिरला.

हा पेच त्याहून कितीतरी जुना आहे. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो की रस्त्यात भेटलेले दोन इराणी बरोबरीचे असतील तर ओठांचं चुंबन घेत, एक थोडा कमी दर्जाचा असेल तर गालाचं, आणि फारच कमी दर्जाचा असेल तर तो दुसऱ्यापुढे लोटांगण घाली. ग्रीकांच्या लेखी लोटांगण फक्त देवापुढे. म्हणून इ.स.पू. 327 च्या सुमारास इराण जिंकलेल्या अलेक्झांडरने आपल्या ग्रीक-मॅसिडोनियन लोकांकडूनही तसं वंदन घ्यायचं ठरवलं, तेव्हा इतिहासकार कॅलिस्थेनिसने उघड विरोध केला आणि तो बेत सोडून द्यावा लागला.

हेरोडोटसचीच आणखी एक कथा या विषयावर लिहिणारे बहुतेक सगळे सांगतात. इराणचा सम्राट दारियस याने ग्रीकांना विचारलं, किती पैसे दिले तर मेलेल्या बापाचं मांस खाल? कितीही दिले तरी नाही, असं ते म्हणाले. मग तसं करणाऱ्या कॅलाटियाई लोकांना त्याने विचारलं, किती घेऊन ग्रीकांसारखं मेलेल्या बापाला जाळाल? असं अभद्र बोलू नका, म्हणून ते ओरडले. कथा घडली असेल वा नसेल. हेरोडोटसने तिच्यातून काढलेला अर्थ पक्का आहे. जगातल्या सगळ्या रीतींतून निवड करायला सांगितली, तर प्रत्येक समाज आपलीच रीत उचलेल.

रीत एकाच समाजातही स्थिर राहत नाही. डच विद्वान इरॅस्मसने 1530 मध्ये मुलांसाठी शिष्टाचाराची पुस्तिका लिहिली. नाक टोपीला किंवा कपड्याला पुसू नये, रुमाल वापरावा, असं तो सांगतो. दोन बोटांनी शिंकरलंच आणि काही जमिनीवर पडलं, तर ते लगेच पायाने पुसून टाकावं, हेही सांगतो. आज हे वाचताना अंग शहारतं, पण त्या काळी तो सभ्यतेचा धडा होता. शिष्टाचाराचा सर्वांत मोठा भाग म्हणजे स्वतः न चुकता इतरांच्या चुका सहज पोटात घालणं, असंही त्याच पुस्तिकेत आहे. नाकाइतकंच मनाकडेही त्याचं लक्ष होतं.

विसाव्या शतकात याचं शास्त्र झालं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम ग्रॅहम समनर यांनी 1906 मध्ये लोकरीतींवर ग्रंथ लिहिला आणि आपल्याच समूहाला मधोमध ठेवून इतरांना मापण्याच्या वृत्तीला स्वकेंद्री दृष्टी म्हणून ओळख मिळवून दिली. मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस आणि त्यांच्या शिष्यांनी प्रत्येक संस्कृती तिच्या स्वतःच्या संदर्भात समजून घ्यायचा आग्रह धरला.

खरी कसोटी लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. संयुक्त राष्ट्रांत मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असताना, 1947 मध्ये, अमेरिकन मानववंशशास्त्र संघटनेच्या कार्यकारिणीने बोआस यांचेच शिष्य मेल्विल हर्स्कोविट्स यांनी लिहिलेलं निवेदन पाठवलं. एका संस्कृतीची मूल्यं साऱ्या मानवजातीची म्हणून लादली जातील, ही त्यातली चिंता होती. 10 डिसेंबर 1948 रोजी जाहीरनामा 48 विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. 8 देश तटस्थ राहिले. माझ्या मते ती चिंता रास्त होती, पण अपुरी होती. रीतीखाली चिरडल्या जाणाऱ्या त्याच समाजातल्या माणसाने दाद कुठे मागायची, याचं उत्तर तिच्यात नव्हतं. 1999 मध्ये त्याच संघटनेने मानवी हक्कांच्या बाजूने स्वतःचं घोषणापत्र स्वीकारलं.