दाताच्या मुळातलं औषध आणि आपल्या पेशी

"डॉक्टर, हे तं विहिरीतल्या टीसीएलवानी वास येऊन रायला!" मी सिरिंज भरत होतो, तेव्हा खुर्चीतल्या काकू बोलल्या. कापूस वेचणी सोडून तालुक्याला आल्या होत्या, दाढ ठणकत होती. त्यांचं नाक अगदी बरोबर होतं. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती पावडर आणि रूट कॅनल धुण्याचं सोडियम हायपोक्लोराइट एकाच घराण्यातले. फरक मात्रेचा. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. 5 टक्के हायपोक्लोराइटमध्ये औषध लिटरमागे 50 ग्रॅम असतं.

जे जंतूला मारतं ते आपल्या पेशीलाही मारतं. किती, हे प्रयोगशाळेत डोळ्यांना दिसतं. प्लास्टिकच्या ताटलीतल्या इवल्या खळग्यांमध्ये पेशी वाढवतात, त्यांवर द्रावण घालतात, मग एक पिवळं रसायन. जिवंत पेशी त्याला जांभळं करते. मेलेल्या पेशींचा खळगा पिवळाच राहतो.

सलाइनच्या खळग्यात जांभळा रंग गडद येतो, पण सलाइन जंतू मारत नाही. कडक हायपोक्लोराइटखाली पेशी काही मिनिटांत मरतात, जांभळा रंग येतच नाही; द्रावण पातळ केलं की पेशी तग धरतात. 2 टक्के क्लोरहेक्सिडिन हे दुसरं जंतुनाशक सौम्य म्हणून खपतं, पण पेशींना तेही सोसत नाही. शिवाय मेलेली नस विरघळवायची ताकद हायपोक्लोराइटमध्येच आहे, म्हणून त्याला सुट्टी देता येत नाही. हेन्री डेकिन या रसायनशास्त्रज्ञानं पहिल्या महायुद्धात जखमा धुवायला 0.5 टक्केच वापरलं होतं. ताटलीतल्या पेशी उघड्या असतात, हेही ध्यानात ठेवायला हवं. शरीरात रक्तातली प्रथिनं औषधाची धार बरीच बोथट करतात.

मला स्वतःला पातळ द्रावण, पण भरपूर आणि पुन्हा पुन्हा ताजं, हीच रीत पटते. आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात तर बाटली थंड, अंधाऱ्या जागीच हवी. उष्णतेनं आणि उजेडानं क्लोरीन उडून जातो, आणि मग जंतूही मरत नाहीत.

औषध दाताच्या आत आहे तोवर काम करतं. मुळाच्या टोकाबाहेर गेलं तर एकदम आग होते, गाल सुजतो, काळानिळा पडतो. म्हणून मी बाजूला छिद्र असलेली सुई घेतो, टोकापासून 2 मिलिमीटर अलीकडे थांबतो, सुई कुठे अडकू देत नाही आणि अंगठ्याऐवजी बोटानं हळूच दाबतो. काकूंना आधीच सांगून ठेवलं होतं, "जराही आग झाली तर हात वर करा." हात वर झाला तो एकदाच, आणि तोही पदर सावरायला.